रीफ टाकी, अकरा महिने: चिलर बंद पडला तेव्हा पंख्याने तारलं

14 एप्रिलला दुपारी चारला घरी आलो तेव्हा माझ्या रीफ टाकीच्या, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-माशांच्या टाकीच्या, थर्मामीटरवर 31.2 अंश होतं. चिलरचा, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, हिरवा दिवा चालू, पाइपातून पाणी वाहतंय, वरवर सगळं ठीक. फक्त दर सहा-सात मिनिटांनी आतून 'टक्' असा आवाज यायचा आणि मग शांतता. दोन्ही क्लाउन मासे वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणारा पंप) वर, पाण्याच्या पृष्ठभागाला लागून उभे होते आणि त्यांचे कल्ले भराभर हलत होते. झेनिया या मऊ प्रवाळाचे हात गळून पडल्यासारखे लोंबत होते. झोआ हे दुसरे मऊ प्रवाळ तर सकाळपासूनच मिटलेले असावेत, मी निघताना बघितलंच नव्हतं.

टाकी गेल्या दसऱ्याला भरली. आज गौरी-गणपती उरकून लिहितोय, म्हणजे अकरा महिने झाले. माप 3 × 1.5 × 1.5 फूट, खाली सम्प (गाळणी-पंपांची दुसरी टाकी), दगड-वाळू धरून पाणी साधारण 200 लिटर. चिलर 1/10 एचपीचा, 31 हजारांचा, या सगळ्या खटाटोपातली सर्वांत महाग वस्तू. लाइट, स्किमर (फेस करून घाण काढणारा), वेव्हमेकर यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तिन्ही साधे आहेत, तिन्ही आपलं काम करतात. मला लिहायचंय ते तापमानाबद्दल, कारण पुण्यात रीफ टाकी टिकते किंवा मरते ती त्याच एका गोष्टीवर, असं माझं आता ठाम मत झालंय.

तर त्या दिवशी सुट्टी. जिथून चिलर घेतला ते दुकान बंद, फोन बंद. फ्रीजरमध्ये पाण्याच्या एक-एक लिटरच्या चार बाटल्या गोठवून ठेवल्या होत्या, त्या एकेक करून सम्पात सोडल्या. एका बाटलीने पाणी जेमतेम अर्धा अंश उतरायचं आणि तासाभरात पुन्हा चढायचं. नंतर बसून हिशेब मांडला. एक लिटर बर्फ वितळून 27 अंशांवर येईपर्यंत साधारण 450 किलोज्यूल उष्णता घेतो आणि 200 लिटर पाणी एक अंश उतरवायला 800 च्या वर लागतात. म्हणजे बाटल्या बरोबरच काम करत होत्या, मीच त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवली होती. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी आणि आई आळीपाळीने बाटल्या बदलत होतो. आईने फ्रीजरमधले मटार आणि ओलं खोबरं बाहेर काढून जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तिथलं संभाषण मी विसरणार नाही.

"सर, कॉम्प्रेसर गेलाय. वर्कशॉपला पाठवावा लागेल. साडेनऊ हजार धरून चला."

"अहो, उघडून तरी बघा. आणि सहाच महिने झालेत, वॉरंटी आहे ना?"

"वॉरंटी आहे सर, पण खाऱ्या पाण्याचा गंज त्यात बसत नाही."

समुद्री टाकीचा चिलर म्हणून विकला, पावतीवर तसं लिहिलं, आणि खारं पाणी वॉरंटीत बसत नाही! मी पावती काढून दाखवली. त्यांनी मागची छापील पानं काढून दाखवली. वर तपासणीचे 1,200 रुपये आगाऊ मागितले आणि तीन आठवडे लागतील म्हणाले. मी चिलर उचलून परत घरी आणला. राग होताच, पण मुख्य प्रश्न होता तो आज दुपारचा. पारा 39 वर जाणार होता आणि आमच्या हॉलला एसी नाही.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतात तसे 12 व्होल्टचे दोन पंखे आणले. 240 रुपयांना एक. जुन्या राउटरचा अडॅप्टर जोडला. एक सम्पवर आडवा ठेवला, एक टाकीच्या काठावर, वारा पाण्यावरून सरपटत जाईल असा तिरका. टाकीवरचं झाकण काढून त्या जागी जाळी लावली, नाहीतर मासे उडी मारतात. संध्याकाळी सहाला पाणी 28.6. दुसऱ्या दिवशी भर दुपारी 28.1. मी थर्मामीटर बदलून बघितला. तोही तेच सांगत होता.

हे आश्चर्य वाटायचं कारणच नव्हतं. माठाचं पाणी गार का राहतं हे आपण शाळेत शिकलोय. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की सुमारे 2,400 किलोज्यूल जातात, म्हणजे माझ्या टाकीचे जवळजवळ तीन अंश. बर्फाच्या पाच बाटल्यांचं काम एक लिटर वाफ करते. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी ठणठणीत, हॉलमधला आर्द्रतामापक दुपारी 19 टक्के दाखवत होता. माठाला याहून चांगले दिवस नाहीत.

याची किंमत पाण्यात मोजावी लागते. एरवी दिवसाला दोन लिटर टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) लागायचा, पंखे लावल्यावर सात ते आठ लिटर. आणि तो फक्त आरओ-डीआयच्या (फिल्टर आणि रेझिनमधून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याचाच हवा. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. खारं पाणी भरत गेलो तर आठवड्याभरात क्षारता कुठच्या कुठे जाते. मी ती हजारी 35 वर ठेवतो, म्हणजे 25 अंशांना सापेक्ष घनता 1.026. माझा आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर टाकून देतो, म्हणजे रोज एकवीस ते चोवीस लिटर. हे पाणी नालीत सोडणं मला जमत नाही. दोन बादल्या भरतात, एकीवर लादी पुसली जाते, दुसरी संडासात. तो महिनाभर आमच्याकडे फरशी पुसायला नळाचं पाणी वापरलं नाही.

दहाव्या दिवशी कोपऱ्यावर फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या काकांना सहज विचारलं. ते घरी आले, बूड जमिनीला टेकवून बसले, चिलरचं मागचं कव्हर काढलं आणि बोट आत घालून पंख्याचं पातं फिरवायला गेले. पातं हललंच नाही.

"हे बघा. फॅन मोटर जाम आहे. कॉम्प्रेसर तुमचा ठणठणीत आहे. तापतो, ओव्हरलोडचा स्विच उडतो, गार झाला की पुन्हा लागतो. तो टक्-टक् त्याचाच."

"पण दुकानवाले म्हणाले कॉम्प्रेसर..."

"उघडला होता का त्यांनी?"

नव्हता. मोटरच्या दांड्यावर पांढरट हिरवा थर होता आणि कंडेन्सरच्या जाळीत धूळ व मीठ मिळून नमद्यासारखा थर बसला होता. काकांनी ब्रशने जाळी साफ केली, नवी मोटर बसवली, मजुरी धरून 850 रुपये घेतले. साडेनऊ हजारांच्या जागी 850. मी त्यांना चहाबरोबर हजार देऊ केले तर त्यांनी दीडशे परत केले.

इथे माझीही चूक आहे आणि ती नीट सांगायला हवी, कारण हीच चूक मी इतरांच्या टाक्यांतही बघितली आहे. मी चिलर स्टँडच्या कपाटात, सम्पच्या शेजारी ठेवला होता. दिसायला सुबक. पण चिलर म्हणजे फ्रिजच, पाण्यातली उष्णता काढून मागून बाहेर फेकतो. बंद कपाटात तीच गरम हवा तो पुन्हा ओढतो. शिवाय सम्पमधून उडणारे खाऱ्या पाण्याचे तुषार सरळ त्याच्या जाळीवर. सहा महिने तो खार मोटर खात होता आणि मी कपाटाचं दार लावून ठेवत होतो. आता तो खिडकीखाली, टाकीपासून चार फुटांवर आहे, तोंड बाहेरच्या बाजूला. पाइप लांबला म्हणून पंपाचा दाब थोडा कमी झाला, तेवढं चालतं. दर रविवारी जाळीवरून कोरडा ब्रश फिरवतो.

दुकानावरचा माझा राग त्यामुळे कमी झाला का? नाही. चिलर कपाटात ठेवू नका हे विकताना सांगायला हवं होतं आणि कॉम्प्रेसर गेला म्हणण्याआधी चार स्क्रू काढायला हवे होते.

चिलर दुरुस्त झाला, पण मी तो चालू केलाच नाही. पंख्यांचं बिल जवळपास शून्य. चिलर आधी 25 अंशांवर लावलेला असायचा आणि उन्हाळ्यात महिन्याला साठ-सत्तर युनिट खायचा. अख्खा मे पंख्यांवर काढला. पाणी 27.8 ते 28.2. लेदर या मऊ कोरलने एप्रिलच्या धक्क्यानंतर मेणचट पापुद्रा धरला होता. तो कात टाकल्यासारखा सुटून गेला आणि आतून पिवळसर, स्वच्छ, सगळे पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे इवले जीव) बाहेर. झेनिया मात्र वाचली नाही. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर 'चिलर घेऊच नका, पंखे घ्या' असं लिहिलं असतं.

मग जून आला. पाऊस यायच्या आधीचे ते चिकट दिवस. खोलीत 31, आर्द्रता 78. दोन्ही पंखे पूर्ण जोरात आणि पाणी 29.5. टॉप-अपच्या टाकीतलं पाणी हलायलाच तयार नाही, दिवसाला तीन लिटरसुद्धा उडत नव्हतं. हवाच ओलसर असेल तर वाफ होणार कशी? पावसाळ्यात माठ कोण वापरतं? झोआ पुन्हा मिटायला लागले तेव्हा मुकाट्याने चिलर लावला आणि तीन तासांत पाणी 27 वर आलं. माझं मत दुसऱ्यांदा बदललं ते असं. पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर इथे मार्च ते मे पंखा राजा आहे. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे समुद्रकाठच्या दमट हवेत त्याच्या भरवशावर राहू नका. आणि जून लागला की पुण्यातही नाही.

एक बदल कायमचा केला. चिलर आता 25 वर नाही, 26.8 वर लावतो. 25 हा आकडा मी कुठूनतरी वाचून धरून बसलो होतो. प्रवाळाला स्थिरता हवी असते. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे राहिला तरी त्यांच्या ऊतींतलं शैवाल बाहेर पडतं आणि ते पांढरे पडतात. पण 27 च्या आसपास शांत राहिलेलं पाणी त्यांना चालतं, हे माझ्या टाकीत दिसतंय. आणि युनिटं जवळपास निम्मी झाली.

वीज गेली की वेव्हमेकर इन्व्हर्टरवर चालतो, चिलर नाही. पाणी तापतं त्याआधी ऑक्सिजन संपतो, म्हणून प्रवाह आधी. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ ठेवलाय, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच ठिबकतं, आणि टाकीच्या लाइनला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे. हे दोन्ही नसेल तर आज रात्री झोपण्याआधी करून घ्या, कृपया.

प्रवाळाबद्दल. हा नाद मला मालवणला लागला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा तोंडावर मास्क लावून पाण्याखाली बघितलं तेव्हा. पण आपल्या समुद्रातला एक दगडही घरी आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये सर्व कठीण प्रवाळ आहेत, 2001 पासून. 'ओळखीचा कोळी आहे, लाइव्ह रॉक (समुद्रातला सजीव दगड) देतो' असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. मी कोरडा दगड घेतला, सहा आठवडे माशांना विषारी असलेलं अमोनिया-नायट्राइट शून्यावर यायची वाट बघितली, आणि फक्त मऊ प्रवाळ ठेवले, तेही दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेले तुकडे: लेदर, मशरूम, झोआ. मासेही टाकीत पैदास झालेले. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास कशी करायची हे दाखवून दिलंय, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण उरत नाही.

झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, अत्यंत जहाल विष. त्यांचा दगड कधीही गरम पाण्याने धुऊ नका, उकळू तर अजिबात नका, त्या वाफेने अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं. विकणाऱ्याने मला हे सांगितलं नव्हतं.

बाकी पहिल्या महिन्यातली तपकिरी बुरशीसारखी डायटम (सूक्ष्म शैवाल) येतात आणि जातात. डिसेंबरात हिरव्या केसांसारखं शेवाळ माजलं ते डीआयचं रेझिन संपलं होतं म्हणून. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 11 आला होता, शून्य हवा. तेव्हापासून दर रविवारी टीडीएस बघतो. दर पंधरा दिवसांनी 20 लिटर पाणी बदलतो, त्याला सुमारे 750 ग्रॅम मीठ लागतं. मऊ प्रवाळाला तेवढ्यावर भागतं, वेगळं कॅल्शियम घालावं लागत नाही. थंडीत पहाटे हॉल 19 वर जातो, तेव्हा हीटर लागतो. तो 25 वर लावलाय, म्हणजे चिलर आणि हीटर एकमेकांशी भांडत नाहीत.

नवीन टाकी लावणाऱ्याला मी एवढंच सांगेन: चिलर घ्या, पण लाइटच्या आधी घ्या, कपाटाबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी दोन पंखे आणून ड्रॉवरमध्ये ठेवा. माझ्या ड्रॉवरमध्ये आता एक जादा फॅन मोटरही आहे, काकांनीच आणून दिली. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि हवा 40 टक्क्यांखाली आली की पुन्हा पंखे लावून बघणार आहे. लेदरने परवाच बुडाशी एक पिल्लू काढलंय, नखाएवढं. त्याला मी अजून हात लावलेला नाही.