कॉटनची योगा मॅट: रोज वापरून मग लिहितेय

आमच्याकडच्या एका हातमागाच्या दुकानातून कॉटनची योगा मॅट घेतली, उन्हाळा झाला पावसाळा झाला, आता अगदी खात्रीने सांगते, घरी रोज आसनंही करायचीत आणि ध्यानालाही बसायचंय अशांनी हीच घ्या. विणकाम सतरंजीसारखं, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, खाली रबराचे बारीक ठिपके आहेत त्यामुळे टाइल्सवरून सरकत नाही.

आधी ऑनलाइन मागवलेली पीव्हीसीची जाड मॅट होती. तिचा वास किती दिवस गेलाच नाही, अनुलोम-विलोम करताना तर तोच नाकात. आणि मऊ इतकी की वृक्षासनात पाऊल रुतायचं, घोटा डुगडुगायचा. तोलाच्या आसनांना पायाखाली जमीन लागली पाहिजे हो, जास्त जाडी म्हणजे जास्त चांगली असं अजिबात नाही. कॉटनवर ते मस्त जमतं. मार्जारासन, उष्ट्रासन करताना मात्र गुडघ्यांना टोचतं, तेव्हा टॉवेलची घडी घ्यायची.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते ध्यानाला बसणं. कॉटन गार लागत नाही, चिकटत नाही, घामाने चिकचिक नाही. पण नुसत्या मॅटवर मांडी घालून बसलात तर थोड्या वेळात पोक येतं, गुडघे वर राहतात आणि सगळं लक्ष कंबरेत, मग कसलं ध्यान! सोलापुरी चादरीची घट्ट घडी करा आणि ती फक्त बैठकीखाली घ्या, मांड्यांखाली नाही. कंबर उचलली जाते, गुडघे खाली येतात, पाठ न ताणता सरळ राहते आणि श्वास पोटापर्यंत मोकळा जातो. आपल्या पुण्याच्या अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीत ब्लँकेट, बेल्ट, ब्रिक (आधाराचा ठोकळा) यांना एवढं महत्त्व आहे ते उगीच नाही, शरीराला आधार मिळाला की ते आसनात थांबतं. पश्चिमोत्तानासनात पायांच्या तळव्यांना अडकवायला मी जुना सुती पट्टा वापरते, त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

आणखी एक, पीव्हीसीची टोकं सारखी वर वळायची म्हणून गुंडाळून कपाटात जायची, आणि एकदा कपाटात गेली की सकाळी काढायचा कंटाळा. ही सपाट पडून राहते. बाल्कनीजवळच्या कोपऱ्यात रात्रीच पसरून ठेवते, उठलं की चार सूर्यनमस्कार होतातच, मग शवासन, मग बसणं. ज्यांची साधना मधेमधे सुटते त्यांनी हे करून बघाच.

आता तोटे. हात कोरडे असतील तर अधोमुख श्वानासनात तळवे सरकतात, थंडीत जास्तच. थोडं पाणी शिंपडायचं किंवा तळवे ओले करायचे, घाम आला की पकड आपोआप वाढते. पहिल्या धुण्यात रंग जातो म्हणून वेगळी भिजवा, गार पाण्यात, पिळू नका. पावसाळ्यात पंख्याखालीसुद्धा वाळायला दोन दिवस लागतात. साध्या पीव्हीसीपेक्षा महागही आहे.

उंची जास्त असेल तर दुकानातच पसरून एकदा आडवं होऊन बघा, शवासनात टाचा बाहेर जात असतील तर जास्त लांबीची मागा, आणि ठिपके हाताने घासून बघा, निघत असतील तर ती घेऊ नका.