विनंतीचा मजकूर पूर्ण वाचायचा, तर कोणत्या पद्धतीने?

देवगड-रत्नागिरी पट्ट्यातील हापूसच्या पेट्यांची मागणी नोंदवणाऱ्या एका छोट्या जावा ॲप्लिकेशनमध्ये, कचेरीतील वायफायवरून पाठवलेली ऑर्डर नीट उतरत असे आणि बागेतून, एका काडीच्या रेंजवर पाठवलेली तीच ऑर्डर आली की सर्व्हर जेसन (माहिती पाठवण्याचा मजकुरी साचा) अर्धवट असल्याची तक्रार करत असे. चूक माझीच होती, कारण ऑर्डर आणणाऱ्या वेब-विनंतीचा मजकूर ज्या प्रवाहातून (इनपुट-स्ट्रीम) येतो, त्याचे ‘रीड’ हे फंक्शन, बाइट ठेवायला ॲरे (ठरावीक जागांची रांग) देऊन, मी एकदाच बोलावले होते.

‘रीड’ निदान एक बाइट येईपर्यंत थांबते आणि हाती लागतील तेवढे बाइट देऊन परतते. ॲरे भरेलच, अशी हमी ते देत नाही. टीसीपीच्या (नेटवर्कवरून माहिती पोहोचवण्याच्या नियमसंचाच्या) एका पाकिटात साधारणपणे 1460 बाइट मावत असल्यामुळे लहान ऑर्डर बहुधा एकदम येते आणि दोष लपून राहतो. प्रवाहाचे ‘अव्हेलेबल’ हे फंक्शन त्याहून फसवे आहे, कारण ते न थांबता वाचता येणाऱ्या बाइटांचा केवळ अंदाज सांगते. मजकुराची लांबी म्हणून तो आकडा वापरू नये.

जावा 8 वर अडकला असाल, तर ‘रीड’कडून उणे एक (प्रवाह संपल्याची खूण) येईपर्यंत लूप फिरवून बाइट साठवणे हाच सरळ मार्ग आहे. मात्र प्रत्येक तुकड्याचे लगेच अक्षरांत रूपांतर करू नये. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि तुकडा त्याच्या मधोमध तुटला की ‘कुणकेश्वर’सारख्या शब्दात प्रश्नचिन्हे उगवतात. जावा 9 पासूनचे ‘रीड-ऑल-बाइट्स’ हा लूप स्वतःच चालवते, पण आकाराला मर्यादा घालत नाही, त्यामुळे कोणी शेकडो मेगाबाइट पाठवले तर तेही निमूटपणे मेमरीत भरते. म्हणून सार्वजनिक सेवेसाठी माझी पसंती जावा 11 मधील, केवळ संख्या घेणाऱ्या ‘रीड-एन-बाइट्स’ला आहे: मर्यादा 65,536 बाइटांची असेल तर 65,537 मागावेत, आणि तेवढे खरोखरच मिळाले तर विनंती 413 (मजकूर फार मोठा असल्याचा एचटीटीपी कोड) देऊन नाकारावी.

‘कंटेंट-लेंग्थ’ (विनंतीसोबत येणारा मजकुराच्या लांबीचा आकडा) पाहून तेवढाच ॲरे घेऊन, तो पूर्ण भरेपर्यंत वाचणारे ‘रीड-फुली’ वापरणेही शक्य आहे. बाइट कमी पडले तर ते अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना) फेकते, हा त्याचा गुण. परंतु चंक्ड पद्धतीने (एकूण लांबी न सांगता, तुकड्यांत) आलेल्या विनंतीत लांबी उणे एक, म्हणजे अज्ञात, मिळते, शिवाय पाठवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावरून मेमरी राखणे मला पटत नाही. पेटीचा फोटो येणार असेल, तर हे सारे सोडून ‘ट्रान्सफर-टू’ने प्रवाह थेट फाइलमध्ये उतरवावा.

कोणताही मार्ग निवडला तरी आधीच्या फिल्टरने (विनंती वाटेत तपासणाऱ्या कोडने) तोच प्रवाह वाचून टाकलेला नाही ना, हे तपासावे. तसे झाले असेल तर सर्व्हलेटच्या (विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा कोडच्या) हाती शून्य बाइट लागतात.