जिल्हावार नकाशाचे रंग: कोणती रंगपट्टी घ्यावी, कोणती सोडावी

संकेतस्थळावर महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा टाकायचा आहे. आकडे तयार आहेत, हद्दींची फाइल हाताशी आहे, अडलंय ते रंगांपाशी. बहुतेक जण इथे हिरवा-पिवळा-लाल पट्टी लावून मोकळे होतात आणि नकाशा तिथेच बिघडतो. आमचं मत आधीच सांगतो: रंग कोणता यापेक्षा छटा उजळापासून गडदापर्यंत एका क्रमाने जातात का, हे आधी बघा. तो क्रम नीट असेल तर रंगांधळेपणा असलेल्या माणसाला, उन्हात मोबाइल बघणाऱ्याला आणि काळ्या-पांढऱ्या छपाईतही नकाशा कळतो.

हिरवा-पिवळा-लाल की पिवळा-हिरवा-निळा?

शुद्ध लाल (२५५, ०, ०; कंसात लाल, हिरवा, निळा यांची ० ते २५५ मधली मात्रा) आणि नेहमीचा गडद हिरवा (०, १२८, ०) यांच्या उजळपणाचं गुणोत्तर जेमतेम १.२८:१ भरतं. ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्याच्यासाठी पट्टीची दोन्ही टोकं जवळजवळ एकच. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असा दोष सुमारे ८ टक्के जणांना असतो; इतर लोकसमूहांत प्रमाण कमी, पण नगण्य नाही.

याउलट कलरब्रुअरमधली पिवळा-हिरवा-निळा ही पट्टी फिक्या पिवळ्यापासून गर्द निळ्यापर्यंत पायरीपायरीने गडद होत जाते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या सिंथिया ब्रुअर यांचं हे साधन खास नकाशांसाठीच आहे. किती गट हवेत ते सांगायचं आणि ‘रंगांधळ्यांसाठी सुरक्षित’ या पर्यायावर खूण करायची, की अडचणीच्या पट्ट्या आपोआप बाजूला होतात.

पाच गटांची पट्टी घेतलीत तर चौथ्या छटेवर (४४, १२७, १८४) लक्ष ठेवा. निळा दिसला की त्यावर पांढरी अक्षरं टाकायचा मोह होतो. पण पांढऱ्या अक्षरांचं गुणोत्तर इथे ४.३४:१ येतं आणि मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी २.१ ची (संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची) अट आहे ४.५:१ ची. काळ्या अक्षरांचं ४.८४:१ येतं, म्हणजे ती चालतात. पहिल्या चार छटांवर काळी अक्षरं, फक्त शेवटच्या गर्द निळ्यावर (३७, ५२, १४८) पांढरी.

शेजारच्या घटकांत ३:१ फरक हवा ही त्याच मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी अपेक्षा. पाच छटांत ती निव्वळ रंगाने पुरी होऊच शकत नाही: चार पायऱ्या प्रत्येकी तिप्पट म्हणजे ८१:१, आणि काळ्या-पांढऱ्यातलं कमाल गुणोत्तरच २१:१ आहे. म्हणून हद्दीची रेघ आणि जिल्ह्यावर लिहिलेला आकडा या गरजेच्या गोष्टी आहेत. नुसती पांढरी रेघ फिक्या पिवळ्यात हरवते आणि नुसती काळी गर्द निळ्यात. खाली २ पिक्सेलची पांढरी व तिच्यावर पाऊण पिक्सेलची काळी रेघ दिली की दोन्हीकडे निभावतं.

व्हिरिडिस आणि सिव्हिडिस

या दोन्ही तयार रंगपट्ट्या चांगल्या आहेत. जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारी व्हिरिडिस २०१७ मध्ये मॅटप्लॉटलिब २.० (आलेख काढायची पायथन लायब्ररी) ची मूळ रंगपट्टी झाली आणि तिथून इंद्रधनुषी ‘जेट’ हटली. जेटमध्ये पिवळा आणि आकाशी मध्येच चमकतात, त्यामुळे आकड्यांत नसलेल्या कडा नकाशावर उमटतात. ती घेऊच नका. सिव्हिडिस (२०१८) निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाते. लाल-हिरव्याचा दोष असलेल्यांना आणि नसलेल्यांना ती जवळपास सारखीच दिसावी, असाच तिचा बेत आहे.

घोळ होतो तो दिशेचा. या दोन्ही पट्ट्यांत गडद म्हणजे कमी. पांढऱ्या पानावर मात्र वाचक ‘गडद म्हणजे जास्त’ असंच धरून चालतो, म्हणून तिथे पट्टी उलटी करा. डार्क मोडमध्ये मूळ दिशा बरोबर. तापमान किंवा उंचीसारख्या सलग बदलणाऱ्या मापांना या दोन्ही शोभतात. पाच गटांच्या जिल्हावार नकाशाला आम्ही कलरब्रुअरचीच पट्टी लावू.

सरासरीपेक्षा कमी-जास्त दाखवायचं असेल तर

पावसाची तूट आणि आधिक्य यांना एकाच दिशेने गडद होणारी पट्टी चालत नाही. इथे मध्यभाग फिका आणि दोन्ही टोकं गडद हवीत. भारतीय हवामान विभागाचे गट सरासरीच्या टक्केवारीवर आहेत: उणे ६० ते उणे ९९, उणे २० ते उणे ५९, उणे १९ ते अधिक १९, अधिक २० ते ५९, आणि ६० व त्याहून अधिक. पाच छटांची तपकिरी-मोरपंखी पट्टी यांवर चपखल बसते. कोरडं रान तपकिरी, ओलं मोरपंखी, समजावून सांगावं लागत नाही. अजिबात पाऊस नसलेल्या जिल्ह्याला ठिपक्यांची भरण द्या. ‘माहिती नाही’ला राखाडी रंग देऊ नका, कारण मधली छटाच जवळपास पांढरी-राखाडी आहे, तिथे तिरप्या रेघा मारा. या पट्टीची एक उणीव आहे: काळ्या-पांढऱ्या छपाईत दोन्ही टोकं सारखीच राखाडी होतात. म्हणून जिल्ह्यावर आकडा लिहिताना अधिक-उणे चिन्ह गाळू नका.

हवामानाचे हिरवा, पिवळा, नारंगी, लाल हे इशारे मात्र बदलू नयेत. ते लोकांच्या ओळखीचे आहेत. जिल्ह्यावर ‘रेड’, ‘ऑरेंज’ हे शब्द मात्र ठळक लिहा.

गट पाडताना

उत्तम रंगपट्टीही चुकीच्या गटांपुढे हतबल ठरते. २०११ च्या जनगणनेतली घनता घ्या, तेव्हाचे ३५ जिल्हे. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं, मुंबई उपनगरात २०,९८०. समान अंतराचे पाच गट पाडले तर प्रत्येक गट सुमारे ४,१८० चा होतो. मुंबईचे दोन जिल्हे शेवटच्या गटात, उरलेले ३३ पहिल्या गटात आणि मधले तीन गट रिकामे! समान संख्येचे, म्हणजे सात-सात जिल्ह्यांचे गट केले, तर ३९३ घनतेचा नाशिक जिल्हा आणि मुंबई उपनगर एकाच रंगात येतात. रंग छान पसरतात, पण अर्थ खोटा निघतो.

अशा वेळी सीमा हातानेच ठरवाव्यात: २०० पर्यंत, २०१ ते ३००, ३०१ ते ४००, ४०१ ते १,२०० आणि त्यापुढे. गडचिरोली, सिंधुदुर्ग, चंद्रपूर व रत्नागिरी तळाच्या गटात येतात. कोल्हापूर, नागपूर, पुणे आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा चौथ्यात. मुंबईचे दोन शेवटच्यात. गट असमान आहेत हे रंगसूचीत आकड्यांनी स्पष्ट लिहा.

रंग भरायचा की वर्तुळं काढायची?

घनता, टक्केवारी, दर यांना रंग. एकूण संख्येला वर्तुळं. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटरची आणि २०११ ची लोकसंख्या १०.७३ लाख, मुंबई उपनगर ४४६ चौरस किलोमीटरचं आणि लोकसंख्या ९३.५७ लाख. एकूण लोकसंख्येनुसार रंग भरला तर डोळा मोठ्या तुकड्याकडे जातो आणि उपनगर ठिपका होऊन बसतं. वर्तुळाची त्रिज्या मात्र वर्गमुळाने ठरवा: लोकसंख्या ८.७ पट, म्हणून त्रिज्या २.९५ पट. त्रिज्याच ८.७ पट केली तर क्षेत्रफळ ७६ पट होतं. मोबाइलच्या ३६० पिक्सेलमध्ये राज्याची सुमारे ८०० किलोमीटर रुंदी बसवली की एक पिक्सेल दोन किलोमीटरहून मोठा पडतो; मुंबईसाठी कोपऱ्यात वेगळी चौकट द्यावीच लागते.

मराठी नावं: रास्टर की व्हेक्टर?

रास्टर टाइलमध्ये (नकाशाचे तयार चित्रतुकडे) अक्षरं सर्व्हरवरच जुळलेली येतात, पण नावाची भाषा तुम्हाला बदलता येत नाही. व्हेक्टर टाइलमध्ये (आकार-नावांची कच्ची माहिती, चित्र ब्राउझरमध्ये बनतं) मराठी नाव निवडता येतं, पण ते चित्र काढणारी मॅपलिबरसारखी साधनं प्रत्येक युनिकोड चिन्हाची तयार आकृती एकापुढे एक मांडत आली आहेत. देवनागरीत वेलांटी अक्षराआधी येते, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षर एक होतं. हे जुळवून घेणं तिथे होत नाही. तुमच्या आवृत्तीत ‘शिर्डी’ आणि ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून बघा, लगेच कळेल.

आमची पसंती तिसऱ्या वाटेला: नावं नसलेला फिका बेसमॅप (खालचा पायाभूत नकाशा) आणि ३६ जिल्ह्यांची नावं वर एचटीएमएलमध्ये. लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीत कायम दिसणारी टूलटिप (छोटी मजकूर-चौकट), मॅपलिबरमध्ये एचटीएमएलचा मार्कर. अक्षरं ब्राउझरच जुळवतो आणि स्क्रीन रीडरलाही (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं साधन) ती वाचता येतात. नकाशाखाली तेच आकडे साध्या तक्त्यात द्या.

प्रसिद्ध करण्याआधी क्रोमच्या डेव्हलपर साधनांतल्या ‘रेंडरिंग’ टॅबमध्ये दृष्टिदोषाची नक्कल लावून बघा. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच ‘प्रीव्ह्यू मोड’मध्ये मिळतं. मग पूर्ण राखाडी करा. रंगसूची झाकून कुणालाही विचारा, कोणता जिल्हा जास्त? उत्तर चुकलं तर एक गट कमी करून पुन्हा बघा.