अष्टकोनी अमेरिकन की कळसवालं जर्मन?

जुनं चावीचं, टोले देणारं घड्याळ भिंतीवर लावायचं एकदा ठरलं की गाडी बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडते. एक अष्टकोनी तोंडाचं अमेरिकन, दुसरं तीन बाजूंनी काच, कातीव खांब आणि माथ्यावर मुकुट असलेलं जर्मन. दोन्ही आमच्या बैठकीत नांदून गेली आहेत, म्हणून लिहितो. तुमचं घर वेगळं असेल, तेवढी सूट धरून वाचा.

दिसण्यात जर्मन बाजी मारतं, यात वाद नको. गंमत म्हणजे ज्या व्हिएन्नाच्या घड्याळांवरून हा घाट आला, ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची घड्याळं अगदी साधी होती: सडपातळ पेटी, काच, पांढरी तबकडी. दागिने चढले ते १८७० नंतर, कारखान्यांतून भराभर माल निघू लागला तेव्हा. कळस आले, कठडे आले, माथ्यावर घोडा नाहीतर गरुड येऊन बसला. लंबकात पितळ-पोलादाच्या उभ्या दांड्यांची जाळी दिसली तर नीट बघा. उन्हाळ्यात लंबक लांबून घड्याळ मागे पडू नये म्हणून जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने १७२६ च्या सुमारास तशी जाळी केली होती. या घड्याळांत ती बहुधा नुसती शोभेची असते. मे महिन्यात तेही अमेरिकनाइतकंच मागे पडतं, आणि दोघांवर उपाय एकच: लंबकाखालचा नट थोडा फिरवून गोळा वर घ्या.

अमेरिकन म्हणजे सरळ काम. वर अष्टकोन, खाली लंबकापुरती छोटी पेटी, फार तर काचेवर सोनेरी अक्षरं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये एली टेरी या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ४,००० लाकडी यंत्रांचं कंत्राट घेतलं आणि एका मापाचे सुटे भाग घडवून ते पुरं केलं. तेव्हापासून तिकडच्या घड्याळांची ओढ स्वस्ताईकडे आणि साधेपणाकडे. पुढे जर्मनांनीही तीच पद्धत उचलली. जर्मनीतल्या श्रामबेर्गला १८६१ साली सुरू झालेला युंगहान्सचा कारखाना अमेरिकन धर्तीवरच वाढला. त्यामुळे आतल्या यंत्रावरून फार डोकं खाजवू नका. चांगल्या हाताने साफ केलेलं असेल तर दोन्ही चालतात.

माझा निकाल लागला तो कूलरने.

आमच्याकडे एप्रिल ते जून खिडकीत खसच्या ताट्यांचा कूलर. बैठक थंड होते, पण हवा ओली. जुन्या पेट्या सरसाने चिकटवलेल्या, आणि सरसाला ओल सोसत नाही. जर्मन घड्याळाला वरखाली मिळून सात कळस होते. पहिल्या उन्हाळ्यात एक पडला, चिकटवला. दुसऱ्या उन्हाळ्यात रात्री दोनला खाडकन आवाज झाला, सगळे उठले. बघतो तर मधला मोठा कळस घरंगळत दिवाणाखाली गेलेला. आई झोपेतच म्हणाली, "घड्याळाचाच ना? घराचा नाही ना?" मग खांबाचं बूड सुटलं, मग गरुडाचा पंख. नागपूरच्या महाल भागातल्या घड्याळवाल्याकडे नेलं तर तो हसला. "भाऊ, घड्याळ बराबर चालून राह्यलं. लाकूडच फुगून राह्यलं, त्याले मी काय करू?" घड्याळ वेळ दाखवत होतं आणि मी उन्हाळाभर फेव्हिकॉल घेऊन स्टुलावर.

अमेरिकनाचे दोष लपवत नाही. कोपऱ्यावरचा लाकडाचा पातळ पत्रा माझ्याकडेही उचलला आहे. टोल्यांचं तर विचारूच नका. माझ्या घड्याळात टोले खाचांच्या चाकावर मोजले जातात आणि त्या चाकाला काट्यांचा पत्ता नसतो. घाईत काटे पुढे ढकलले की नऊला पाच वाजतात आणि पुढे तसंच चालू राहतं. मग आतला तारेचा आकडा बोटाने उचलून एकेक ठोका पाडत बरोबर आकड्यावर आणायचं. माझ्या जर्मन घड्याळात ही भानगड नव्हती, काटे कुठेही नेले तरी टोले बरोबर पडायचे. टोल्यांवर तुमचा जीव असेल तर हा मुद्दा लहान नाही. मला मात्र चुकीचे टोले परवडले. नऊला पाच वाजले तर घर हसतं, रात्री दोनला कळस पडला तर उठून बसतं.

तेव्हा घरात कूलर असेल तर माझं मन अष्टकोनाकडे झुकतं. एसी असेल, कोरीव कामावर डोळा असेल, तर जर्मन घ्या, खुशाल घ्या. फक्त घेताना कळस हलवून बघा आणि तबकडी नवी छापून लावलेली नाही ना तेही बघा. माझं जर्मन घड्याळ धरमपेठेत मावसभावाकडे गेलं. त्याच्याकडे एसी आहे. दोन वर्षं झाली, सहाच्या सहा कळस जागच्या जागी आहेत. सातवा माझ्या टेबलाच्या खणात आहे, द्यायचा राहूनच गेलाय.