पोकळ धाग्याचा खनिजवाला टी-शर्ट घ्यावा, की साधा ड्रायफिटच बरा?

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी भाचा आमच्या बेळगावातल्या वडगावच्या दुकानात आला आणि काउंटरवर दोन टी-शर्ट टाकून म्हणाला, "मामा, ह्यातला कुठला ठेवू? एक परत द्यायचा हाय." एक नेहमीचा ड्रायफिट, म्हणजे घाम लवकर वाळणारा साध्या पॉलिस्टरचा. दुसऱ्याच्या टॅगवर बारीक अक्षरात यादीच होती: पोकळ धागा, नैसर्गिक खनिजं, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, रक्ताभिसरणाला चालना. किंमत पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. भाचा सैन्यभरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळतो, त्यामुळे टॅगवरच्या शेवटच्या ओळीवर त्याचा डोळा होता.

मी जर्सी आणि ट्रॅकसूट शिवतो. त्याआधी घरात माग होते, म्हणून कापडाचं काही असलं की नातेवाईक माझ्याकडे येतात. हाच प्रश्न ह्या हिवाळ्यात चौघांनी विचारला आणि चौघांना मी चार वेगळी उत्तरं दिली. ती अशी का, ते एकदा लिहूनच टाकतो.

पोकळी म्हणजे काय

पॉलिस्टरचा धागा शेवयांसारखा काढतात. वितळलेला माल बारीक भोकांच्या चकतीतून दाबायचा, खाली येईपर्यंत तो गार होतो. साध्या धाग्याला गोल भोक पुरतं. पोकळ धाग्यासाठी भोकाऐवजी कमानीसारख्या दोन-तीन चिरा असतात. त्यांतून निघालेल्या पट्ट्या चकतीखाली एकमेकींना चिकटतात आणि मधे नळी राहते. साधा तंतू उसाच्या कांडीसारखा भरीव, हा वेळूसारखा. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, त्यामुळे वेळू हलका असूनही वाकायला कसा चिवट असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता टॅग म्हणतो, नळीत हवा अडकते म्हणून ऊब. हे खरं आहे, पण किती खरं ते हिशोब केल्यावर कळतं. १६० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचं), ०.६ मिलिमीटर जाडीचं विणीचं कापड घ्या. एक चौरस मीटर कापडानं ६०० घनसेंटिमीटर जागा व्यापली. पॉलिस्टरची घनता घनसेंटिमीटरला १.३८ ग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष पॉलिस्टर त्यात ११६ घनसेंटिमीटर. उरलेली ४८४ घनसेंटिमीटर हवाच, आणि ती साध्या धाग्याच्या कापडातही असतेच, धाग्याधाग्यांच्या मधे. तेवढ्याच वजनाचा आणि तेवढ्याच जाडीचा कपडा अशा धाग्यानं विणला, ज्याच्या तंतूचा २० टक्के भाग पोकळ आहे, तर नळ्यांच्या आतली हवा भरते फक्त २९ घनसेंटिमीटर. टी-शर्टातल्या हवेचा सहा टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा. तिप्पट पैसे त्यासाठी मोजायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

नळीचा खरा फायदा दुसरीकडेच आहे. तेवढ्याच वजनात तंतू जाड आणि ताठ होतो, त्यामुळे कापड फुगीर राहतं, दाबलं तरी उठतं. अंगाला घट्ट बसणाऱ्या पातळ टी-शर्टात फुगायला जागाच नसते. इनर, जॅकेटचं अस्तर, रजई, उशी ही ह्या धाग्याची घरं.

खनिजाचं काय

लोकांना हे नवल वाटतं, पण साध्या पॉलिस्टरमध्येही खनिज पहिल्यापासून असतं. नुसतं पॉलिस्टर काचेसारखं चमकतं. ती चमक मारायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी घालतात. सेमी-डल, म्हणजे अर्धवट चमक मारलेल्या धाग्यात ती सुमारे ०.३ टक्के असते, पूर्ण चमक मारलेल्या फुल-डलमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास. भाच्याचा साधा ड्रायफिटही त्या अर्थानं खनिजवालाच. ही भुकटी इतकी कडक, की फुल-डल सूत यंत्रावर ज्या कड्यांतून सरकतं ते गाइड झिजतात.

महागड्या कापडात भुकटी वेगळी असते, आणि कुठली ते टॅगवर क्वचितच लिहितात. जेड किंवा अभ्रकासारखी खनिजं हात लावल्यावर गार वाटावं म्हणून. झिर्कोनियम कार्बाइड ऊन शोषून त्याची उष्णता करतं, ते बर्फातल्या खेळांच्या कपड्यांसाठी. ज्वालामुखीची वाळू आणि नारळाच्या करवंटीपासून केलेला कार्बन घामाची वाफ लवकर उडावी म्हणून. आणि सगळ्यात जास्त गाजावाजा ज्याचा, ती सिरॅमिकची भुकटी: ती म्हणे अंगाची उष्णता अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपात परत अंगाला देते.

ह्या शेवटच्या दाव्यावर जरा थांबू, कारण रक्ताभिसरणाची ओळ तिथूनच येते. आपली कातडी अवरक्त किरण सोडते, त्यांचा जोर साडेनऊ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास जास्त असतो, हे बरोबर. पण साधं सुती कापडही ते शोषतं आणि परत सोडतं. कपड्यात बॅटरी नाही. अंगाकडून आलं त्यापेक्षा जास्त तो देणार कुठून? काही छोट्या चाचण्यांत थोडा फरक दिसलाय, काहींत नाही. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना एका दुकानदारानं असेच मोजे साखरेच्या पायदुखीवर औषध म्हणून दिले. मोजे म्हणून चांगले होते. पण साखरेनं पायाची जाणीव कमी झालेल्या माणसानं डॉक्टरांना दाखवायचं सोडून मोज्यांवर भिस्त ठेवणं परवडत नाही, आणि हे मी दुकानदाराच्या तोंडावर बोललो.

आणखी एक गंमत. पोकळी उष्णता अडवण्यासाठी, जेड उष्णता पटकन ओढून घेण्यासाठी. दोन्ही एकाच टी-शर्टात घालून "उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार" म्हणणं म्हणजे एकाच गाडीला दोन बैल उलटसुलट जुंपणं. गार स्पर्श असतोही, पण काही सेकंदांचा. कापड अंगाएवढं तापलं की संपला.

घरी पडताळायचं असेल तर सोपं आहे. दोन सारखे स्टीलचे तांबे, सारखंच गरम पाणी, वर झाकण, बाहेरून एकेक कपडा गुंडाळायचा आणि अर्ध्या तासानं थर्मामीटर लावायचा. मी केलं तेव्हा जो कपडा जाड तो जिंकला. खनिज त्याच्यात नव्हतं.

मग कुणी काय घ्यावं

भाच्याचं उत्तर सोपं होतं. पळताना शरीर बसल्यापेक्षा आठ-दहापट उष्णता तयार करतं. ती साठवून काय करायची? त्याला लागतो पातळ, कमी वजनाचा, मोकळ्या विणीचा कपडा, जो घाम पसरवतो आणि उडू देतो. इथं साधा ड्रायफिट पुढे. सुती बनियन मागे पडतं, कारण कापूस वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवेतूनच धरतो, पॉलिस्टर ०.४ टक्के. घामानं भिजलेलं बनियन दुसऱ्या फेरीत पाठीला लोंबायला लागतं, हे ग्राउंडवरच्या कुठल्याही पोराला विचारा.

पॉलिस्टरचा एक अवगुण मात्र खनिजानंही सहसा जात नाही, तो म्हणजे वास. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायामानंतरचे टी-शर्ट हुंगवून घेतले. पॉलिस्टरचे सुतीपेक्षा जास्त कुबट निघाले आणि त्यांवर मायक्रोकॉकस जातीचे जंतू जास्त माजलेले सापडले. चांदी किंवा जस्त घातलेलं कापड ह्यावर काही काम करतं. नुसत्या "नैसर्गिक खनिज" शब्दावर जाऊ नका. घरी आल्या आल्या धुवा, बादलीत भिजत ठेवून विसरू नका.

दाजींचं प्रकरण वेगळं. ते रात्री भाजीचा टेम्पो घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जातात. वाटेत कणकुंबीच्या आसपास पहाटेची थंडी, खिडकी उघडी, आणि माणूस तासन् तास एका जागी बसलेला. हालचाल नाही, घाम नाही, वारा आहे. पोकळ धाग्याचा इनर इथं खरोखर उपयोगी: हलका, फुगीर, शर्टाच्या आत मावणारा. स्वेटरही चालला असता, पण स्टिअरिंगवर तो खांद्यात अडकतो, आणि घाट उतरल्यावर गोव्याची दमट हवा सुरू झाली की काढून कोंबायला जागा लागते. त्यांना मी पोकळ धाग्याचा, पण खनिजाशिवायचा इनर घ्यायला सांगितलं. वर एक वारा अडवणारं पातळ जॅकेट. ते नसेल तर इनरमधली हवा वारा हलवून नेतो आणि पैसे वाया जातात.

पावसाळ्याचं एवढंच सांगतो, की खानापूर-जांबोटीकडच्या जुलैत हवाच ओलीगच्च असते, तिथं कुठलंच कापड घाम फारसा उडवू शकत नाही, टॅगवर काहीही असो. तिथं बघायचं ते दोरीवर काय लवकर वाळतं. पातळ साधं पॉलिस्टर वाळतं. जाड पोकळ कापड त्यामानानं रेंगाळतं. भिजल्यावरही थोडी ऊब हवी असेल तर अजून घोंगड्याला तोड नाही, पण घोंगडं पांघरून टू-व्हीलर चालवणार कोण!

उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या चुलतभावाला मी एका वाक्यात वाटेला लावलं: भट्टीजवळ पॉलिस्टर नाही, पोकळ नाही, भरीव नाही, खनिजवालं नाही. ते साधारण २६० अंशांना वितळतं आणि कातडीला चिकटतं. जाड सुती कपडा घाल आणि कंपनीनं दिलेलं संरक्षक ॲप्रन.

आईचा प्रश्न रजईचा होता. जुन्या लुगड्यांची वाकळ तिला आता जड होते. इथं मात्र पोकळ धाग्याला पैसे मोजावेत, कारण रजईत फुगीरपणा हीच ऊब. दुकानात रजईचा कोपरा चार घड्या घालून मुठीत दाबा, सोडा आणि बघा किती वेळात उठतो. मेल्यासारखा पडून राहिला तर भरण हलक्या प्रतीचं आहे. खनिजवाली रजई म्हणून कुणी जास्त मागितले तर हसून पुढे चला.

घेतलाच असेल तर

उलटा करून बघा. आतल्या बाजूला ठिपक्यांची छपाई दिसली तर खनिज धाग्यात नाही, वरून लावलंय. धुण्यागणिक ते उडत जाणार. धाग्यातच घातलेलं असेल तर धुऊन जात नाही. सॉफ्टनर टाकू नका, त्याचा थर बसला की घाम पसरत नाही. कडक इस्त्री तर नकोच. पॉलिस्टर ७०-८० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि सुती कपड्याची इस्त्री २०० च्या आसपास असते. ज्या नळीसाठी पैसे दिले तीच चपटी करून घ्याल.

भाच्यानं तिप्पट किमतीचा परत दिला. दाजींचा इनर मात्र टेम्पोच्या सीटमागं खुंटीला लटकलेला असतो. परवा आत्याच्या जावयानं तो मागून बघितला, तर दाजी म्हणाले, "तुझा तू घे की. ह्यो माझा हाय."