गारपिटीत फुटलेले छत, विम्याचा क्लेम आणि नवे पत्रे : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

वाशीम जिल्ह्यातील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर सिमेंटच्या २४ पत्र्यांचे छत होते. गेल्या मार्चमध्ये, हरभऱ्याची सोंगणी चालू असतानाच, वीसेक मिनिटे गारा पडल्या आणि त्यातील ११ पत्रे आरपार फुटले. गृहकर्ज घेताना बँकेने ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची पॉलिसी काढून दिली होती. तोपर्यंत मी तिचे पहिले पानही नीट वाचलेले नव्हते. अशाच छताखाली राहणाऱ्यांना हिशेब आधी कळावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पीकविम्यातील ७२ तासांत कळवण्याची अट आमच्याकडे सर्वांना पाठ असते. घराच्या विम्यातही लगेच कळवावे लागतेच, पण फुटलेला माल न हलवता आधी फोटो काढणे तितकेच महत्त्वाचे आहे. आम्ही फोटो काढून मगच ताडपत्री टाकली आणि फुटलेले तुकडे नुकसान मोजणारे विम्याचे सर्व्हेअर येईपर्यंत अंगणात राखून ठेवले. माझ्या पॉलिसीतील जोखमींच्या यादीत वादळ होते, गारपीट हा शब्द वेगळा नव्हता. म्हणून अर्जात ‘वादळी वाऱ्यासह गारपीट’ असे लिहिले, आणि प्रत्यक्षात घडलेही तसेच होते. तलाठ्यांच्या पंचनाम्यातून अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला मिळणारी सरकारी मदत ६,५०० रुपयांची असते. मला त्या रकमेपेक्षा पंचनाम्याची प्रत अधिक उपयोगी पडली, कारण नुकसानीची तारीख आणि कारण त्यामुळे सरकारी कागदावर आले.

खरा प्रश्न न फुटलेल्या १३ पत्र्यांचा होता. सर्व्हेअरांनी पहिल्या पाहणीत फक्त ११ पत्रे धरले, कारण उरलेले खालून धड दिसत होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्या पत्र्यांवर बादलीभर पाणी ओतले आणि आम्ही ते वाळण्याची वाट पाहिली. पत्रा पांढुरका होत गेला, पण आठ पत्र्यांवर केसाएवढ्या काळ्या रेघा ओल्याच राहिल्या, कारण तडा पाणी धरून ठेवतो. त्याचे फोटो पाठवून मी लेखी फेरपाहणी मागितली आणि क्लेम १९ पत्र्यांचा झाला. नकार मिळाला असता तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज, अशी माझी तयारी होती. लोकपालांकडे शुल्क लागत नाही.

अंदाजपत्रकाबाबत माझे मत ठाम आहे: मिस्त्रींकडून दोन वेगळी कोटेशन घ्यावीत, एक होते तसे छत परत करण्याचे आणि दुसरे आपल्याला हव्या असलेल्या छताचे. विमा होते ते परत उभे करण्यापुरता असतो. सुधारणेचा आणि जुन्या झिजेचा खर्च त्यात बसत नाही. सिमेंटचे पत्रे, हुक, मजुरी आणि आतील भिजलेले सीलिंग मिळून पहिले कोटेशन ५५,८०० रुपयांचे झाले. जाड रंगीत पत्रे, खाली उष्णतारोधक थर आणि नवे लोखंडी पाइप धरून दुसरे १,१२,००० रुपयांचे होते. मंजूर झाले ४६,३०० रुपये. तडा न गेलेले पाच पत्रे वगळले गेले, रंगकामात थोडी कपात झाली आणि ढिगारा हलवण्याचे ३,००० रुपये मागितले असता जेमतेम ९०० मिळाले, कारण त्या कामाला या पॉलिसीत क्लेमच्या दोन टक्क्यांची मर्यादा आहे. काम उघडल्यावर छताला आधार देणारे दोन लोखंडी अँगल भिंतीत गंजलेले निघाले आणि एकूण खर्च १,१८,५०० रुपयांवर गेला, म्हणजे ७२,२०० रुपये घरचे. अशा न दिसणाऱ्या कामासाठी मी काहीच राखून ठेवले नव्हते, ही माझी चूक झाली.

पैसे येण्यास वेळ लागला तो बँकेमुळे. पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव असल्याने रक्कम थेट माझ्या खात्यात येण्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र लागले, आणि ते मिळेपर्यंत मिस्त्रींची मजुरी मी उसनवारीने भागवली. हे पत्र क्लेमच्या पहिल्याच आठवड्यात मागून ठेवावे.

जुने पत्रे काढताना एक काळजी आम्ही आवर्जून घेतली. त्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे, म्हणून पत्रे भिजवून, शक्यतो न तोडता उतरवले आणि मजुरांना मास्क दिले.

नव्या छताने एक पावसाळा पाहिला आहे. गळती झाली ती फक्त एका ठिकाणी, जिथे स्क्रू जास्त आवळल्याने रबरी वॉशर चिरला होता. तो बदलल्यावर थेंबही आला नाही. जोराच्या पावसात आवाज मात्र इतका होतो की वरच्या खोलीत बोलणे ऐकू येत नाही, आणि ज्यांच्याकडे वर आजारी किंवा वृद्ध माणसे झोपतात त्यांनी याचा आधी विचार करावा. उष्णतारोधक थराचा खर्च मला पटला: उघडीप पडली की भादव्याच्या उन्हातही दुपारी वर बसवते, जे सिमेंटच्या पत्र्यांखाली कधी जमले नव्हते.

पॉलिसीचे नूतनीकरण आता जवळ आले आहे. कंपनीच्या नोंदीत अजूनही सिमेंटचेच पत्रे आहेत, म्हणून नव्या बिलांच्या प्रती जोडून छताचे वर्णन आणि ज्यावर विम्याची रक्कम ठरते तो बांधकामाचा दर बदलण्याचा अर्ज मी दिला असून त्याची पोच घेऊन पॉलिसीच्या फाइलला लावली आहे.