जुन्या पोर्शे बॉक्सस्टरसाठी कोड स्कॅनर: वर्षभर वापरल्यानंतर

एअरबॅगचा दिवा पेटला की ९८६ चे, म्हणजे पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टरचे, बहुतेक मालक तो तसाच राहू देतात. न्यू जर्सीत २०१० पासून खासगी गाड्यांच्या इन्स्पेक्शनमध्ये फक्त उत्सर्जन तपासतात, त्यामुळे तो दिवा घेऊनही गाडी पास होते. मला ते पटत नाही. शेजारच्या सीटवर बायको बसते, आणि वेळ आली तर एअरबॅग उघडेल की नाही हे माहीत नसताना मी तिला त्या गाडीत बसवणार नाही. माझ्या २००३ च्या २.७ लिटर मॅन्युअलसाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकांनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण, घेण्याचं कारण एवढंच होतं.

आधी युरोपियन गाड्या करणाऱ्या एका गॅरेजला विचारलं. नुसता कोड वाचायचे दीडशे डॉलर सांगितले, आणि गाडीला काहीही न जोडता "एअरबॅगचं मॉड्यूलच (नियंत्रण करणारा छोटा संगणक) बदलावं लागेल" हेही सांगून टाकलं. कशावरून, तर या गाड्यांना असंच होतं म्हणे. जे तपासलंच नाही त्याचं बिल कोणी आधीच ठरवत असेल, तर ते द्यायची माझी तयारी नाही. किल्ली घेऊन परत आलो.

घरात ईएलएम ३२७ चा, गाडीच्या निदान-सॉकेटला लावून फोनवर कोड दाखवणारा वीस डॉलरचा ब्लूटूथ डोंगल होता. आमच्या कॅमरीवर तो व्यवस्थित चालतो. बॉक्सस्टरला लावला तर ॲप म्हणालं, एकही कोड नाही. समोर दिवा ढळढळीत पेटलेला. यात डोंगल खोटं बोलत नव्हता. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालेलं ओबीडी-२ हे निदानाचं मानक प्रदूषणासाठी आहे. इंजिनाचे उत्सर्जनाशी संबंधित कोड कुठल्याही स्कॅनरला वाचता आले पाहिजेत, इतकंच ते सांगतं. एअरबॅग, एबीएस, अलार्म, छताचं मॉड्यूल ही मंडळी कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. त्यात ९८६ हे बोलणं सॉकेटच्या सात नंबरच्या पिनवरच्या के-लाइन नावाच्या जुन्या, एका तारेच्या मार्गावरून करते, नव्या गाड्यांतल्या कॅनवरून नाही. "१९९६ नंतरच्या सर्व गाड्यांना चालतो" असं छापलेल्या स्वस्त डोंगलांपैकी कितीतरी ही के-लाइन धड सांभाळत नाहीत.

शेवटी ड्युरामेट्रिकची एन्थुझियास्ट केबल (लॅपटॉपला जोडायचा, खास पोर्शेसाठीचा स्कॅनर) घेतली, तीनशे डॉलरच्या आसपास. पहिल्याच स्कॅनमध्ये एअरबॅग मॉड्यूलने ड्रायव्हरच्या सीटबेल्टच्या बकलकडे बोट दाखवलं. ९८६ मध्ये हे फार नेहमीचं आहे: बकलच्या आतला स्विच झिजतो किंवा मळतो, मॉड्यूलला तिथे भलताच रोध दिसतो आणि ते दिवा लावतं. बॅटरी सोडून बकल बदललं, बॅटरी जोडली, कोड पुसला. दिवा गेला तो अजून परतलेला नाही. मॉड्यूल जुनंच आहे.

इथपर्यंत मी खूश होतो. खरी किंमत वसूल झाली ती उन्हाळ्यात, चेक इंजिन लागलं तेव्हा. कोड दोन आले, पी ११२८ आणि पी ११३०. मुद्दाम दोन्ही उपकरणं लावून पाहिली. डोंगलच्या ॲपने पी ११२८ चा अर्थ दिला, "पुढचे ऑक्सिजन सेन्सर एकमेकांच्या जागी बसवले आहेत". हा अर्थ दुसऱ्याच कंपनीच्या यादीतला. पी नंतर शून्य असेल तर कोडचा अर्थ सगळ्या गाड्यांना सारखा. एक असेल तर ज्या त्या कंपनीचा वेगळा. पोर्शेच्या यादीत या दोन कोडांचा अर्थ असा की दोन्ही बँकांवर (सिलिंडरच्या दोन्ही रांगांवर) मिश्रण पातळ पडतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, आणि ते सावरण्याची संगणकाची मर्यादा संपली आहे. ॲपवर विसंबून कोणी कामाला लागला असता, तर चांगले सेन्सर उगाच काढले गेले असते.

मग प्रत्यक्ष आकडे बघितले. आयडलची दुरुस्ती दाखवणारा आरकेएटी दोन्ही बाजूंना वर गेलेला, आणि लोडवरची दुरुस्ती दाखवणारा एफआरए १.०० च्या, म्हणजे दुरुस्ती नसल्याच्या, अगदी जवळ. दोन्ही बाजू एकदम बिघडल्या म्हणजे कारण दोघींना सामायिक असणार. फक्त आयडलला बिघडतंय म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. एअर मास सेन्सर खराब असता तर लोडवरचा आकडाही हलला असता. शोधत गेलो तर तेल भरण्याच्या नळीच्या घड्यांमध्ये चीर सापडली. प्लॅस्टिकची नळी! ती बदलून नवे आकडे बसेपर्यंत गाडी चालवली आणि दोन्ही कोड गेले.

इथे एक सांगतो, कारण आमच्या बॉक्सस्टरवाल्यांच्या मंडळातले लोक हटकून विचारतात: इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी कोड पुसून उपयोग नाही. कोडबरोबर रेडिनेस मॉनिटरही (उत्सर्जनाच्या स्वतःच घेतलेल्या चाचण्या पूर्ण झाल्याच्या संगणकातल्या खुणा) कोरे होतात, आणि २००१ पासूनच्या गाड्यांना एकच मॉनिटर अपूर्ण असलेला चालतो. मॉनिटर पूर्ण झाले का हे वीस डॉलरचा डोंगल अचूक सांगतो. त्यासाठी तो अजून माझ्या ग्लव्हबॉक्समध्ये आहे.

आता ज्या गोष्टीने मला अक्षरशः वेड लावलं ती. इंजिनाच्या संगणकात दोन नोंदी असतात: इंजिन एकूण किती तास चाललं, आणि मर्यादेपलीकडच्या आरपीएमवर किती इग्निशन झाले. मीटरवरचे मैल आणि हे तास वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. मैलांना तासांनी भागा, सरासरी वेग मिळतो. गावातली-हायवेवरची मिळून चाललेली गाडी ताशी तीस मैलांच्या आसपास येते. एका मित्राला आवडलेल्या बॉक्सस्टरचं मीटर ५८,००० मैल दाखवत होतं आणि संगणक ४,००० तास. म्हणजे ताशी साडेचौदा मैल; मीटर मागे फिरवल्याचा संशय यावा असा आकडा. सेवेची कागदपत्रं मागितली तर विकणारा विषय बदलू लागला. मित्राने गाडी घेतली नाही.

ओव्हर-रेव्हचा, म्हणजे मर्यादेपलीकडच्या इग्निशनचा, आकडा बघून मात्र लगेच घाबरू नका. तो वेळा मोजत नाही, इग्निशन मोजतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला तीन इग्निशन होतात. ७२०० आरपीएम धरले तर सेकंदाला १२० फेरे, म्हणजे ३६० इग्निशन. पहिल्या टप्प्यातले तीन-चारशे म्हणजे लिमिटरवर (आरपीएम रोखणाऱ्या मर्यादेवर) गेलेला एखादा सेकंद. दुसरा टप्पा गंभीर, कारण तिथे ॲक्सिलरेटर दाबून पोचता येत नाही. चुकीचा खालचा गिअर पडावा लागतो. तो किती तासांवर घडला हेही नोंदलेलं असतं. त्यानंतर इंजिन शेकडो तास नीट चाललं असेल तर मी गाडी नाकारणार नाही.

आणि याच कामात या केबलची मर्यादा आडवी येते: ती तीनच गाड्यांना बांधली जाते. पहिल्या तीन व्हीआयएन (गाडीचे ओळख क्रमांक) नोंदल्या की संपलं. त्यापुढे महागडी प्रोफेशनल आवृत्ती. माझ्या तीनांपैकी दोन गेल्या, त्यातली एक मित्राने न घेतलेल्या गाडीवर. पैसे मोजून आणलेल्या वस्तूने कोणाला मदत करायची हे तिने ठरवावं, हे मला मनापासून खटकतं. मदतीला कोणी बोलावलं की आता आधी हिशेब करावा लागतो. शिवाय विंडोज लॅपटॉप लागतो, तो जुना का होईना, चार्ज करून ठेवावा लागतो.

वरचं लिहून ठेवलं होतं तेव्हा माझं मत होतं की हातात धरायचे पोर्शे-स्कॅनर, आयकारसॉफ्ट किंवा फॉक्सवेलसारखे, घेऊ नयेत. मध्यंतरी एका मित्राचा काही आठवडे आणून वापरला आणि मत बदललं. एअरबॅग आणि एबीएसचे कोड त्याने तितकेच नीट वाचले आणि पुसले. लॅपटॉप नको, गाडीच्या बाहेर पावसात उभं राहूनही काम होतं. एकच गाडी असेल आणि दिवे घालवणं एवढीच गरज असेल, तर तीनशे डॉलर घालायचं कारण नाही. मी केबल ठेवली ती कॅमशाफ्टचं विचलन, म्हणजे तो ठरल्या जागेपासून किती अंश सरकलाय, ते बघण्यासाठी. दोन्ही बँकांचे अंश दर तेलबदलाला लिहून ठेवतो. आकडा सरकू लागला तर त्याच्या चेनकडे बघायची वेळ आली. आयएमएस बेअरिंगबद्दल (इंजिनाच्या आतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) मात्र कुठलाही स्कॅनर आधी काही सांगत नाही. याच बेअरिंगवरून २००१ ते २००५ च्या गाड्यांबद्दल झालेल्या खटल्यात २०१३ मध्ये तडजोड झाली, माझी त्याच वर्षांतली. त्या बेअरिंगसाठी दर तेलबदलाला तेलाचा फिल्टर कापून घड्यांमध्ये धातूचे कण आहेत का ते बघायचं. त्याला सात डॉलरची कात्री पुरते.

पुण्याहून चुलतभावाने विचारलं, त्याच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसला हीच केबल चालेल का. नाही. स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडीला रॉस-टेकचं व्हीसीडीएस (त्या गाड्यांसाठीचा तसाच स्कॅनर) घ्या. पोर्शे आज त्याच समूहात असली तरी ते ९८६ ला चालत नाही, आणि उलटही नाही. घेण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न लेखी विचारा: माझ्या मॉडेलचं, माझ्या वर्षाचं एअरबॅग मॉड्यूल वाचतो का, आणि किती व्हीआयएनची मर्यादा आहे. "सगळ्या गाड्यांना चालतो" एवढंच उत्तर आलं तर पैसे देऊ नका. आणि स्कॅन करताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा; किल्ली ऑन ठेवून बराच वेळ बसलं की व्होल्टेज पडतं, मॉड्यूल्स उत्तर देईनाशी होतात आणि कमी व्होल्टेजचा नवाच कोड एअरबॅगमध्ये जाऊन बसतो.